दोन वर्षं की दहा? गुन्ह्याचं कलम कोण आणि कसं ठरवतं

७ जून २०१० रोजी भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी वायुकांडाचा निकाल दिला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं गेली. त्यानंतर साडेपंचवीस वर्षांनी कंपनीच्या सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची कैद झाली, आणि त्याच दिवशी त्यांना जामीनही मिळाला. लोकांचा राग न्यायाधीशांवर निघाला. पण न्यायाधीशांनी हात आखडता घेतला नव्हता. ज्या कलमाखाली खटला चालला, त्यात दोन वर्षांहून जास्त शिक्षाच नव्हती. शिक्षेचा आकडा चौदा वर्षं आधीच ठरला होता, ज्या दिवशी कलम ठरलं त्या दिवशी.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा महाराष्ट्रानं हाच प्रश्न घराघरांत विचारला. कलम कोणतं लावलं? ३०४, म्हणजे सदोष मनुष्यवध, की ३०४-अ, म्हणजे निष्काळजीपणानं झालेला मृत्यू? एका अक्षराचा फरक, पण ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं आणि ३०४ मध्ये दहा वर्षं, क्वचित जन्मठेपही. हे अक्षर कोण लिहितं, कशाच्या आधारावर लिहितं आणि ते बदलता येतं का, हे आपल्याला माहीत असायला हवं. कारण खटल्याचा निकाल आपण पेपरात वाचतो, पण तो जिथे घडतो त्या टप्प्यांकडे आपलं लक्षच नसतं.

## कलम मृतांची संख्या मोजत नाही

चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक जड कुंडी आहे असं समजा. कठडा खिळखिळा झालाय, तुम्हाला तो दुरुस्त करायचा होता, पण राहून गेला. वाऱ्यानं कुंडी पडली, खाली माणूस मेला. हा निष्काळजीपणा. आता दुसरा प्रसंग. खाली आठवडी बाजार भरलाय, गर्दी तुम्हाला दिसतेय, आणि तरीही तुम्ही रागाच्या भरात कुंडी खाली भिरकावली. अमुक माणूस मरावा असं मनात नव्हतं, पण कुणीतरी मरू शकतं हे कळत होतं. हा सदोष मनुष्यवध. तिसऱ्या प्रसंगात तुम्ही खाली उभ्या असलेल्या शत्रूच्या डोक्यावर नेम धरून कुंडी टाकली. हा खून.

तिन्ही वेळा कुंडी तीच, मजला तोच, मृत्यूही एकच. बदललं ते कुंडी पडताना तुमच्या मनात काय होतं ते. कायदा हे मन मोजतो. म्हणून निष्काळजीपणानं शंभर माणसं मेली तरी कलम निष्काळजीपणाचंच राहू शकतं, आणि एकाच माणसाचा नेम धरून जीव घेतला तर खुनाचं लागतं. हे ऐकायला क्रूर वाटतं. ज्याचा मुलगा गेला त्याला आरोपीच्या मनाशी काय देणंघेणं? पण चुकणारा आणि मारणारा यांना एकाच मापानं मोजायचं नसेल, तर दुसरा मार्ग अजून कुठल्या देशाला सापडलेला नाही.

जुन्या भारतीय दंड संहितेत या तीन पायऱ्या अनुक्रमे ३०४-अ, ३०४ आणि ३०२ होत्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या १०६, १०५ आणि १०३ झाल्या. निष्काळजीपणाची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षं झाली. अपघात करून, पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणारं एक पोटकलमही आलं. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला होता आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, ते आठवत असेल. संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं. गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता तोच लागतो, म्हणून कल्याणीनगरच्या प्रकरणात जुनेच आकडे चालतात.

## पहिलं कलम ठाण्यात लिहिलं जातं

परदेशी मालिका पाहून आपला एक समज झालाय, की सरकारी वकील फाइल उघडतो आणि याच्यावर हा आरोप ठेवायचा, हे ठरवतो. अमेरिकेत बरंचसं तसंच चालतं. इंग्लंडमध्येही गंभीर गुन्ह्यांत पोलिसांपासून स्वतंत्र असलेलं वकिलांचं खातं दोन प्रश्न विचारून आरोप ठरवतं: दोष सिद्ध होण्याची वास्तव शक्यता आहे का, आणि खटला चालवणं लोकहिताचं आहे का.

आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे सुरुवात ठाणे अंमलदारापासून होते. फिर्यादी येतो, फिर्याद सांगतो, ती लिहून घेतली जाते आणि त्या मजकुरावरून कलमं लावली जातात. हाच एफआयआर. रात्री अडीच वाजता, रडणाऱ्या नातेवाइकांसमोर, घटनास्थळ नीट न पाहता लावलेली ही कलमं. ती अंतिम नसतात, असूही नयेत. वैद्यकीय अहवाल आला, साक्षीदार सापडला, जखमीचा उपचारादरम्यान मृत्यू झाला, की कलम वाढतं. पोलिसांच्या भाषेत याला 'कलमवाढ' म्हणतात. कलम कमीही होतं. म्हणून पहिल्या दिवशीच्या एफआयआरमध्ये हलकं कलम दिसलं की लगेच प्रकरण दाबलं असं म्हणणं घाईचं ठरतं. महिनाभरानंही तेच कलम असेल, तर मात्र विचारायलाच हवं.

तपास संपला की तपास अधिकारी ठरवतो, दोषारोपपत्र पाठवायचं की नाही आणि कोणत्या कलमांखाली. ६० किंवा ९० दिवसांत ते गेलं नाही तर कोठडीतला आरोपी हक्कानं जामीन मागू शकतो, म्हणून ही तारीख पोलिसांच्या डोक्यावर टांगती असते. पुरावा नसेल तर महाराष्ट्रात न्यायालयाकडे समरी अहवाल, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल जातो. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडला नाही. 'ब' म्हणजे फिर्यादच खोटी. 'क' म्हणजे गैरसमजातून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. गावाकडे बांधावरून झालेल्या भांडणांच्या फायली अनेकदा या 'क'मध्ये विसावतात.

## मग सरकारी वकील करतात काय?

इथे गोष्ट गुंतागुंतीची होते. दोषारोपपत्र पाठवायचं की नाही हा निर्णय पोलिसांचा आहे आणि त्यासाठी सरकारी वकिलाचं मत घ्यायची सक्ती करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये सांगितलं. त्याआधी १९९५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात याच न्यायालयानं खटला चालवणारी यंत्रणा पोलिसांच्या हाताखाली नसावी, असं बजावलं होतं. दोन्हींमागचा विचार एकच आहे. पोलिसांनी तपास करावा, वकिलांनी खटला चालवावा आणि कुणी कुणाच्या ताटाखालचं मांजर होऊ नये.

विचार चांगला, पण त्याची किंमत आपण मोजतो. तपास करणाऱ्याला न्यायालयात काय टिकेल याचा अनुभव कमी आणि ज्याला तो अनुभव आहे त्याच्या हातात फाइल येते तेव्हा घटनास्थळावरचे डाग धुऊन गेलेले असतात. मोठ्या गुन्ह्यांत तपास अधिकारी वकिलांचं मत विचारतात, समंजस अधिकारी तर नेहमीच विचारतात. पण हे त्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर सोडलेलं आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम २० नं अभियोग संचालनालयाला, म्हणजे सरकारी वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याला, थोडे दात दिलेत. सात ते दहा वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत उपसंचालकानं पोलिसांचा अहवाल तपासायचा, दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या खटल्यांवर संचालकानं लक्ष ठेवायचं. माझ्या मते नव्या संहितांमधला हा सगळ्यात कमी चर्चा झालेला आणि सगळ्यात कामाचा बदल आहे. अट एकच, ती पदं भरलेली हवीत.

सरकारी वकिलाचं खरं काम न्यायालयात सुरू होतं. सत्र न्यायालयात खटला उघडताना त्यानं उभं राहून सांगायचं असतं की आरोप कोणता आणि तो कोणत्या पुराव्यानं सिद्ध करणार. कलम वाढवा असा अर्ज तो करू शकतो. न्यायालयाच्या परवानगीनं खटला मागेही घेऊ शकतो, मात्र आता त्यासाठी पीडिताचं म्हणणं ऐकावं लागतं. आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले तर ऑगस्ट २०२१ च्या आदेशानुसार उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत.

आणि सरकारी वकील हा फिर्यादीचा वकील नव्हे. काहीही करून शिक्षा मिळवणं हे त्याचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. आरोपीच्या बाजूचा कागद फाइलमध्ये असेल तर तोही त्यानं न्यायालयापुढे ठेवायचा. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना हे अनेकदा विश्वासघातासारखं वाटतं. त्यांच्याशी कुणी दोन मिनिटं बसून हे बोललेलंही नसतं.

## शेवटचा शब्द न्यायाधीशांचा, पण तोही पुराव्यापुरता

पोलिसांनी लावलेलं कलम न्यायालयावर बंधनकारक नसतं. आरोप निश्चितीच्या दिवशी न्यायाधीश कागदपत्रं पाहून ठरवतात की खटला कोणत्या कलमाखाली चालणार.

घरात चाळण्या असतात तसं हे आहे. भरड चाळण, पिठाची चाळण, मैद्याची चाळण. एफआयआरला फक्त दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलिस स्वतःहून करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती पुरते, ही सगळ्यात भरड. दोषारोपपत्राला गोळा झालेला पुरावा लागतो. आरोप निश्चितीला त्या पुराव्यातून प्रबळ संशय दिसावा लागतो. आणि शिक्षेसाठी वाजवी शंका उरता कामा नये, ही मैद्याची. पहिल्या चाळणीतून गेलेलं कलम तिसरीत अडकलं तर न्यायाधीश विकले गेले असं होत नाही. चाळण बदललेली असते.

भोपाळमध्ये नेमकं हेच घडलं. सीबीआयनं १ डिसेंबर १९८७ रोजी सदोष मनुष्यवधाच्या कलमासह दोषारोपपत्र दाखल केलं. सत्र न्यायालयानं ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली, म्हणजे मारायचा हेतू नसला तरी मृत्यू होऊ शकतो याची जाणीव होती, असा आरोप निश्चित केला. उच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. मग १३ सप्टेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो खाली आणून ३०४-अ केला. कारखाना सदोष होता असं धरलं, तरी त्या रात्री तो चालवल्यानं माणसं मरतील ही जाणीव या आरोपींना होती, असं दाखवणारं साहित्य फाइलमध्ये नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

कथा इथे संपत नाही. निकाल लागेपर्यंत कुठल्याही टप्प्यावर आरोप बदलता येतो, अशी तरतूद फौजदारी प्रक्रियेत आहे. भोपाळच्या न्यायालयात पुढे वर्षानुवर्षं साक्षी झाल्या, कागद समोर आले. त्या आधारावर कलम पुन्हा वाढवता आलं असतं. २०१० चा निकाल आल्यावर, देशभर संताप उसळल्यावर सीबीआय पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेली. ११ मे २०११ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठानं ती याचिका फेटाळली आणि सांगितलं की १९९६ चा निर्णय त्यावेळच्या कागदपत्रांपुरता होता, कायद्यानं खालच्या न्यायालयाला दिलेला आरोप बदलण्याचा अधिकार त्यानं काढून घेतला नव्हता. चौदा वर्षं का थांबलात, याचं समाधानकारक उत्तर सीबीआयला देता आलं नाही.

मला भोपाळच्या खटल्यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त जाळते. दार बंद आहे असं सगळे धरून चालले. त्याला कुलूप नव्हतं.

## 'सगळ्यात मोठं कलम लावा, पुढचं कोर्ट बघेल'

हा युक्तिवाद मोर्चात ऐकू येतो, चौकात ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. जड कलमाखाली खटला चालला आणि तेवढं सिद्ध झालं नाही, तर त्याच खटल्यात हलक्या कलमाखाली शिक्षा देता येते. उलट होत नाही. हलक्या आरोपावर खटला चालवून जड कलमाची शिक्षा देता येत नाही. मग वरूनच सुरुवात का करू नये?

बांद्र्यातल्या दोन खटल्यांकडे बघा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे कार्टर रोडवर एका गाडीनं पदपथावर झोपलेल्या मजुरांना चिरडलं, सात जण गेले. चालकाच्या रक्तात मद्य सापडलं. आरोप ३०४ च्या दुसऱ्या भागाचा होता, पण सत्र न्यायालयानं निष्काळजीपणा धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयानं ती बदलून सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षं केली आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं. पिऊन भरधाव गाडी हाकणाऱ्याला आपण कुणाचा जीव घेऊ शकतो याची जाणीव असते, हे या खटल्यानं ठसवलं. इथे सुरुवातीला जड कलम होतं, म्हणूनच वरच्या न्यायालयांना ते उचलता आलं.

दुसरा खटला २८ सप्टेंबर २००२ च्या रात्रीचा, अभिनेता सलमान खान यांच्यावरचा. बांद्र्यात बेकरीबाहेर झोपलेला एक माणूस मेला, चौघे जखमी झाले. आधी ३०४-अ लागलं, मग ३०४ चा दुसरा भाग. २००३ मध्ये उच्च न्यायालयानं तो काढला आणि पुरावा पाहून दंडाधिकाऱ्यांनी काय ते ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. हलक्या कलमाखाली साक्षी झाल्या. अनेक वर्षांनी जड कलम परत आलं, प्रकरण सत्र न्यायालयात गेलं आणि खटला पहिल्यापासून चालवावा लागला. तोपर्यंत मुख्य साक्षीदार असलेला पोलिस शिपाई २००७ मध्ये वारला होता. त्याची जुनी साक्ष सत्र न्यायालयानं धरली आणि ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली. १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयानं निर्दोष मुक्तता केली. ती साक्ष हलक्या आरोपाच्या खटल्यातली होती, जड आरोपाच्या अंगानं उलटतपासणीची संधी आरोपीला मिळालीच नव्हती, शिवाय तो साक्षीदारही विश्वासार्ह वाटत नाही, असं न्यायालयानं नोंदवलं.

म्हणून कलम सुरुवातीला किती मोठं आहे यापेक्षा ते किती लवकर आणि किती पक्कं ठरतं, याला महत्त्व आहे. धरसोड झाली की काळ साक्षीदार गिळतो.

जड कलमाचा दुसरा तोटा गरिबाच्या दारात दिसतो. कलमावर जामीन ठरतो, न्यायालय ठरतं, कोठडी किती लांबेल ते ठरतं. श्रीमंत आरोपी चांगला वकील लावून आठवड्यात वरच्या न्यायालयात पोचतो. मारामारीत एक काठी लागली म्हणून खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलेला शेतमजूर जिल्हा कारागृहात महिनोन्‌महिने बसतो, आणि शेवटी साधी दुखापत सिद्ध झाली तर त्या कलमाची शिक्षा त्यानं आधीच भोगलेली असते. आपण मोर्च्यात जड कलमाची मागणी करतो, तेव्हा हा माणूस डोळ्यांसमोर असावा.

## दबावानं कलम बदलतं का?

बदलतं. वरून फोन आला म्हणून बदलतं, रस्त्यावर लोक उतरले म्हणूनही बदलतं. पहिल्या दबावाची आपल्याला चीड आहे. दुसऱ्यानं अनेकदा न्यायाचं दार उघडलंय, हेही खरं. पण दबावानं लागलेलं कलम पुराव्याशिवाय लागलं, तर ते आरोप निश्चितीला गळून पडतं आणि तेव्हा न्यायालयाबाहेर मोर्चा नसतो.

म्हणून मोर्च्यात 'कलम वाढवा' या घोषणेच्या जागी 'रक्ताचा नमुना घेतला का?' अशी घोषणा ऐकायला मला आवडेल. मद्यपी चालकाविरुद्ध 'जाणीव होती' हे दाखवायचा सगळ्यात पक्का धागा म्हणजे त्याचं रक्त आणि दर तासाला तो धागा विरळ होत जातो. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्याची. कल्याणीनगरच्या प्रकरणात नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली. कलमाची खरी लढाई कुठे होते, हे त्यावरून कळावं.

तुमच्या घरावर असा प्रसंग येऊ नये. आलाच, तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती त्याच दिवशी घ्या आणि कलमांसोबत मजकूर वाचा. चालक प्यायलेला दिसला, उलट दिशेनं आला, थांबवूनही थांबला नाही, असं जे तुम्ही पाहिलं ते त्यात नसेल तर पुरवणी जबाब द्या. एफआयआरमध्ये किंवा जबाबात जे नाही ते नंतर सांगितलं, तर पढवून सांगितलं असं म्हटलं जातं. आसपासच्या दुकानांतलं सीसीटीव्ही चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जप्त करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नव्वद दिवसांत तपासाची प्रगती तुम्हाला कळवणं हे आता पोलिसांचं कर्तव्य आहे. समरी अहवाल गेला तर फिर्यादीला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय न्यायालय तो स्वीकारू शकत नाही, तिथे लेखी विरोध नोंदवा. आणि आरोप निश्चितीची तारीख विचारून ठेवा. त्या दिवशी गर्दी नसते, कॅमेरे नसतात, दहा-पंधरा मिनिटांत काम उरकतं. सरकारी वकिलांना आदल्या दिवशी भेटा, तुमच्याकडचे कागद त्यांच्या फाइलला लागलेत का ते पाहा, आणि दुसऱ्या दिवशी न्यायालयात हजर राहा.